पीएचडीचा गाईड निवडताना रिसर्च इम्पॅक्ट कसा तपासायचा

जळगाव, धुळे, नंदुरबारहून मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करायला निघालेल्या पोरापोरींनो, "सरांचे भरपूर पेपर आहेत" एवढ्यावर गाईड ठरवू नका. आधी गुगल स्कॉलरवर नाव टाका, प्रोफाइल असेल तर सायटेशन (म्हणजे दुसऱ्या लिखाणात त्या पेपरचा दिलेला संदर्भ) आणि एच-इंडेक्स लगेच दिसतो.

एच-इंडेक्स २००५ मध्ये हिर्श या फिजिक्सवाल्याने मांडला, हिशोब सोपाय, पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा, समजा ४०, १२, ५, ४, १ असे आले तर चौथ्याला ४ आहेत पण पाचव्याला ५ नाहीत म्हणून एच-इंडेक्स ४. आता पहिल्याला ४० ऐवजी ४००० असते तरी तो ४च राहतो! म्हणून टॉपचा पेपर उघडून वाचाच.

मॅनेजमेंटच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांचा सायकॉलॉजिकल सेफ्टीवरचा (टीममध्ये न घाबरता बोलता येण्यावरचा) १९९९ चा पेपर बघा, एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीम्सचा अभ्यास, जिथं बोलायची भीती नाही तिथं टीम जास्त शिकते असं त्यात निघालं. तो कुणी कुणी वापरलाय त्या यादीत जा आणि नुसतं नाव टाकलंय की त्यातले सर्वेचे प्रश्न घेऊन खरंच मोजमाप केलंय ते तपासा, माझ्या मते खरा इम्पॅक्ट इथंच कळतो.

स्कोपसवर (निवडक जर्नल्सची सायटेशन्स मोजणारा डेटाबेस) आकडा गुगल स्कॉलरपेक्षा कमी दिसला तर घाबरू नका, गुगल थिसिससुद्धा मोजतं. स्वतःच स्वतःला केलेली सायटेशन्स मात्र वजा करा.

आणि गाईडला थेट विचारा, सर, हे सायकॉलॉजिकल सेफ्टीचं रावेरच्या केळीच्या पॅकहाऊसमध्ये मुकादम आणि मजुरांवर कसं तपासता येईल?