काठीच्या सावलीवरून त्रिकोणमिती आणि भूगोल कसे शिकवावेत

त्रिकोणमितीच्या धड्यात मनोरे, शिड्या आणि पतंग असतात. मुलं टॅनचं सूत्र पाठ करतात, गणितं सुटतात, पण आपण स्वतः एखादा कोन शोधून काढला असं त्यांना कधी वाटत नाही. ते वाटायला एक उभी काठी आणि हिवाळ्यातलं ऊन पुरेसं आहे. उत्तर मात्र आधी सांगायचं नाही. या उपक्रमाचा सगळा जीव त्यात आहे.

दिवाळीची सुट्टी संपली की सुरुवात करा. तेव्हापासून मार्चपर्यंत मुंबईचं आकाश बहुतेक मोकळं असतं. शाळेच्या किंवा सोसायटीच्या गच्चीवर अशी जागा हेरा, जिथे भर दुपारी शेजारच्या टॉवरची सावली येत नाही.

तिथे कॅरम बोर्ड ठेवा. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो आणि त्यामुळे माप चुकतं. बोर्डावर गोटी ठेवा. ती घरंगळेल त्या बाजूखाली कागदाच्या घड्या सारा. वर पांढरा कागद चिकटवा. दक्षिणेच्या कडेजवळ शाडूच्या गोळ्यात काठी रोवा, बोर्डापासून टोकापर्यंत बरोबर ५० सेंमी. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि काठी दोन बाजूंनी ताडून पाहा. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे आधीच बजावा.

आता १२ ते १.१० पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी ठिपका काढायचा आणि शेजारी वेळ लिहायची.

बारा वाजता सावली सर्वांत लहान असते, असं मुलं ठामपणे सांगतील. ठिपके तसं दाखवत नाहीत. २२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत आखूड सावली साधारण १२.३७ ला मिळते. इथे घाई करू नका. काठी कलली का, घड्याळ पुढे आहे का, मुलांना तपासू द्या, वाद घालू द्या. मग नकाशा उघडा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मुंबई ७२.९ अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे फरक सुमारे ३८ मिनिटांचा. मुंबईची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत वापरात होती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असे. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा आहेत, त्यांनी जरूर विचारून यावं. फेब्रुवारीत हीच आखूड सावली १२.५० नंतर येते, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि अक्ष कललेला. म्हणून एका दिवसाच्या मापावर थांबू नका.

मग सूर्य डोक्यावरच्या उभ्या रेषेपासून किती कलला आहे, तो कोन काढायचा. सर्वांत आखूड सावली भागिले काठीची उंची, हे झालं टॅन. २२ डिसेंबरला सावली सुमारे ४६ सेंमी येते, म्हणजे ०.९२ आणि कोन साधारण ४२.५ अंश. २१ मार्चला, म्हणजे विषुवदिनाच्या सुमारास, सूर्य विषुववृत्तावर असतो. तेव्हा सावली १७ सेंमीच्या जरा वर, कोन १९ अंश. हा १९ म्हणजे मुंबईचा अक्षांश. ४२.५ मधून १९ वजा करायला लावा. उरतात २३.५. हा आकडा मुलांनी भूगोलात पाठ केलेला असतो: पृथ्वीच्या अक्षाचा कल. कॅरम बोर्डावर तो स्वतःच्या हातांनी मिळाला, की वर्गात जो गलका होतो तो होऊ द्यावा. सहावी-सातवीला टॅन येत नाही. त्यांनी प्रमाणात काटकोन त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजावा.

जुन्या भारतीय ज्योतिर्विदांनी हेच केलं. १२ अंगुळे उंच शंकूची (उभ्या खुंटीची) विषुवदिनाच्या मध्यान्हीची सावली, म्हणजे पलभा, यावरून ते गावाचा अक्षांश काढत. मुंबईची पलभा ४ अंगुळांहून किंचित जास्त येते.

दर आठवड्याचं माप आलेख-कागदावर मांडत जा. ढगाळ दिवसाची जागा रिकामी ठेवा, अंदाजाने भरू नका. मार्चअखेरीस मुलांना रेषा पुढे वाढवायला सांगा आणि भर दुपारची आखूड सावली शून्य कधी होईल, ती तारीख वहीत लिहून घ्या. मुंबईत तो दिवस १५ मेच्या आसपास येतो. तेव्हा शाळा बंद आणि निम्मा वर्ग गावी असतो, पण त्याचाच उपयोग करून घ्या. दक्षिण कोकणात आणि कोल्हापूरकडे हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, नागपूरला २६ मेच्या सुमारास. प्रत्येकाने आपापल्या गावी सरळ उभी बाटली किंवा पाईप पाहून तारीख आणि वेळ कळवायची. जूनमध्ये शाळा उघडली की त्या तारखा महाराष्ट्राच्या नकाशावर लिहा. दक्षिणेकडून उत्तरेकडे त्या कशा सरकत गेल्या, हे मुलंच सांगतील.