समृद्धीवर गाडी घालण्याआधी टायरची तयारी

मे महिना, मुंबईला घरचं लग्न आणि नागपूरहून स्वतःच्याच गाडीने जायचं ठरलेलं. समृद्धी महामार्ग जून २०२५पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे आणि सपाटीवर मोटारींना ताशी १२०ची मर्यादा आहे. गावात टायर सिग्नलला थांबतो, जरा निवतो. इथे मात्र तापलेल्या रस्त्यावर तासन् तास एकाच वेगात पळायचं असतं, त्याला उसंतच मिळत नाही. त्यामुळे कपड्यांच्या बॅगा भरायच्या आधी टायर बघायला घ्या, आणि तेही निदान आठ दिवस आधी. म्हणजे टायर बदलायची वेळ आलीच तर घाईत मिळेल तो गळ्यात पडणार नाही.

पहिल्यांदा टायरचं वय बघा. टायरच्या बाजूवर एका छोट्या चौकटीत चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं उलटली असतील तर जाणकाराला दाखवा, दहा झाली असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसो, तो टायर काढा. मग नक्षी. खाचांच्या तळाशी रबराच्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली, कायद्याची हद्द संपली. माझं मत विचाराल तर समृद्धीसाठी ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. गोटा झालेला टायर घेऊन तर निघूच नका. झीज कुठे आहे तेही बघा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत आली आहे, फक्त मधला पट्टा झिजला असेल तर जास्त, आणि एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे.

आता स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूवरून तळहात फिरवा. मागच्या चाकांना वाकून हात घाला. खड्ड्यात किंवा दुभाजकाच्या कडेला आपटलेल्या टायरचे आतले धागे तुटतात आणि तिथे लिंबाएवढा फुगा येतो. तो आतल्या बाजूला असेल तर नजरेत येत नाही. फुगा लागला तर टायर बदलायचा, त्याला दुसरा इलाज नाही. बाजूला झालेल्या पंक्चरचंही तेच. पट्टी मारून चालवायची सोय फक्त नक्षीच्या भागात आहे. दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागे बसवा, कारण मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते. बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि व्हॉल्व्हची टोपणं एकाच फेरीत उरकून घ्या.

आता हवेचं. इथे जरा थांबून वाचा, कारण आपल्याकडे सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. आमचे मामा एका मे महिन्यात अमरावतीला निघताना ‘ऊन फार आहे, हवा फुगेल’ म्हणून चारही चाकांत पाच-पाच पॉइंट (पीएसआय) कमी करून आले. आधीच दोन महिने हवा मोजलेली नव्हती. गाडीत पाच जण, मागे सामान. तळेगावच्या अलीकडे मागचं डावं चाक फुटलं. पंक्चरवाल्याने टायर रिममधून सोडवून उलटा केला, तर आतून ओंजळभर काळा भुगा सांडला आणि आतल्या बाजूने गोल पट्टा कानशीने खरवडल्यासारखा दिसला. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, उलगडते. त्या दुमडण्यातच उष्णता तयार होते, रबर आणि धागे एकमेकांना सोडतात, आणि शेवटी टायर फुटतो. त्यात गाडी जितकी भरलेली, तितका हा त्रास जास्त.

म्हणून उन्हाळ्यातही कंपनीने सांगितलेलीच हवा ठेवा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर दिसतं, काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं. त्यावर दोघांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असू शकतो. तुम्ही भरलेल्या गाडीचा घ्या. टायरवर कोरलेला ‘मॅक्स’चा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीसाठीची हवा नसते. निघायच्या दिवशी पहाटे, गाडी निदान तीन तास उभी असताना, स्वतःच्या गेजने मोजा. गेज काही महाग वस्तू नाही. ३३ सांगितले असतील तर थंड टायरमध्ये ३३. रस्त्यात तेच ३७-३८ दिसतील. ते बरोबरच आहे, ती वाढ कंपनीने धरलेली असते. पंपावर घाबरून ती हवा सोडलीत तर गार झाल्यावर टायरमध्ये २८-२९च उरतील. आणि ठरलेल्यापेक्षा जास्तही भरू नका, टणक टायर खड्ड्याचा मार सोसत नाही.

नायट्रोजन भरला तर वाईट नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन आहे म्हणून मोजणं सोडू नका.

स्टेपनी आदल्या दिवशीच बाहेर काढून मोजा, सामानाखाली गाडली गेली की कोणी बघत नाही. ती लहान आकाराची असेल तर तिच्यावर ताशी ८०च्या वर जायचं नसतं. जॅक, पाना, इशाऱ्याचा त्रिकोण आणि टॉर्च हाताशी ठेवा. नट एकदा स्वतः सैल करून बघा, मशीनने आवळलेले असतात.

वाटेत दर दोन तासांनी थांबा आणि चारही टायरजवळ हात न्या. एकच बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर त्यात हवा कमी असू शकते. तरीही टायर फुटलाच तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग उतरल्यावर डावीकडे घ्या. सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा आणि ११२ला फोन लावा.

परतीच्या दिवशी पहाटे पुन्हा पाचही चाकं मोजा. एखाद्यातच तीन-चार पॉइंट उतरले असतील तर त्यात बहुधा खिळा असणार. पंक्चर काढून घ्या, मगच निघा.