खेळाडूंच्या तक्रारींना उत्तर देताना या चुका टाळा

ब्राउझर गेम खेळणारा माणूस काही डाउनलोड करत नाही, बहुतेकदा पैसेही भरत नाही. जमलं नाही तर टॅब बंद करतो आणि पुन्हा फिरकत नाही. त्यातला एखादा थांबून चार ओळींची तक्रार लिहितो, तेव्हा गेममध्ये त्याचा जीव थोडातरी गुंतलेला असतो. एकट्या-दुकट्याने गेम बनवणाऱ्यांकडे टेस्टिंगची वेगळी टीम नसते, त्यामुळे या चार ओळी फार मोलाच्या. पण उत्तर देताना नेमकी तिथेच माती होते.

"माझ्याकडे तर नीट चालतंय"

सगळ्यात जास्त नुकसान करणारं उत्तर हेच. समजा कुणी लिहिलं, "चौथी लेव्हल अशक्य आहे, करवती फार जोरात फिरतात." तुमच्याकडे त्या संथ फिरतात, म्हणून खेळाडू कच्चा आहे असं ठरवून तुम्ही मोकळे होता, नाहीतर करवती कमी करून टाकता. दोन्हीकडे मूळ दुखणं तसंच राहतं. ब्राउझर साधारणपणे स्क्रीनच्या रिफ्रेश रेटनुसार (स्क्रीन सेकंदाला जितक्यांदा चित्र बदलते त्यानुसार) फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, काढतो. प्रत्येक फ्रेमला ठरावीक पिक्सेल पुढे, असा कोड असेल तर ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर बेतलेला गेम १४४ हर्ट्झवर २.४ पट वेगाने पळतो. खेळाडू अगदी खरं सांगत होता. दोन फ्रेममध्ये गेलेला वेळ मोजून त्यावर हालचाल बेतली की प्रश्न मिटतो, लेव्हलला हातही लावावा लागत नाही.

"आवाजच येत नाही" ही तक्रारही तशीच. क्रोमने २०१८ पासून, खेळाडूने क्लिक किंवा टॅप केल्याशिवाय आवाज सुरू होऊ देणं बंद केलं आणि इतर मोठ्या ब्राउझरांतही असे नियम आहेत. सुरुवातीला "खेळा" असं बटण ठेवा आणि आवाज त्या क्लिकवर चालू करा.

म्हणून आधी विचारा: कोणता ब्राउझर, फोन की कॉम्प्युटर, आणि गेमच्या कोपऱ्यात दिसणारा व्हर्जन नंबर काय? (तो दिसत नसेल तर आजच टाका.) एवढं पुरे. दहा प्रश्नांचा फॉर्म पुढे केलात तर माणूस निघून जाईल.

"कॅशे क्लिअर करून बघा"

कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या साइटच्या फाइली, पुसण्याचा हा सल्ला सवयीने दिला जातो आणि तो धोक्याचा आहे. बऱ्याच ब्राउझर गेमचं सेव्ह लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे खेळाडूच्याच ब्राउझरमधल्या साठ्यात, असतं. खेळाडू सेटिंगमध्ये जाऊन कॅशेसोबत साइट डेटावरही टिक करतो आणि त्याची सगळी प्रगती पुसली जाते, तीही तुमच्या सांगण्यावरून. जुनी फाइल अडकल्याची शंका असेल तर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबायला सांगा, म्हणजे पान नव्याने लोड होतं. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक अपडेटला फाइलच्या नावातच व्हर्जन घाला, म्हणजे खेळाडूला काही करावंच लागत नाही.

"माझं सेव्ह गेलं" असं कुणी लिहिलं तर त्यालाच दोष देऊ नका. सात दिवस सफारी वापरूनही तुमच्या साइटवर क्लिक-टॅप झाला नाही, तर सफारी २०२० पासून असा डेटा आपोआप पुसते. २०२२ मध्ये वर्डल हा शब्द ओळखण्याचा गेम नव्या मालकांच्या साइटवर गेला, तेव्हाही काही खेळाडूंची सलग विजयांची नोंद शून्यावर आली होती आणि लोक मनापासून हळहळले होते. कुकी क्लिकर या ब्राउझर गेममध्ये सेव्ह मजकूर म्हणून बाहेर काढून ठेवता येतं. ही सोय छोट्यातल्या छोट्या गेममध्येही हवी, असं माझं ठाम मत आहे.

सुचवलेला उपाय जसाच्या तसा उचलणं

कुठे अडलं हे खेळाडूइतकं कुणाला कळत नाही. का अडलं, याबाबत मात्र त्याचा अंदाज चुकू शकतो. "उडी आणखी उंच करा" असं तो म्हणतो. नीट पाहिलं तर तो कडेवरून पाय सुटल्यावर क्षणभर उशिरा बटण दाबत असतो. कड सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडी चालू दिली की तीच उडी त्याला पुरेशी वाटू लागते. सगळ्या लेव्हल उंच उडीसाठी पुन्हा बांधायची वेळ येत नाही.

"गेम फार सोपा आहे" म्हणणारे बहुधा शेवटपर्यंत पोचलेले असतात, हेही ध्यानात ठेवा. दुसऱ्याच लेव्हलला सोडून गेलेले लिहायला थांबत नाहीत.

तारखेचं वचन देऊ नका. "मल्टिप्लेअर पुढच्या महिन्यात" हे वाक्य लोक विसरत नाहीत. रागाने लिहिलेल्या कमेंटला त्याच रात्री उत्तर देऊ नका. तिच्यातला बग तेवढा वेगळा काढून नोंदवा.

आणि दुरुस्ती झाल्यावर गप्प बसू नका. मूळ तक्रारीखालीच लिहा: "१.३ मध्ये करवतींचा वेग दुरुस्त केलाय, तुमच्या स्क्रीनवर एकदा बघाल का?" त्याचं उत्तर येईपर्यंत तो बग यादीतून खोडू नका.