ऊसतोडीच्या गावात ग्राम बाल संरक्षण समिती कशी चालवावी

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यावर निघतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं राहतात. मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. मागे राहणाऱ्या मुलीची काळजी असतेच, म्हणून हंगामाच्या तोंडावर अठराच्या आतल्या मुलींची लग्नं उरकली जातात. त्यामुळे समितीची खरी बैठक दसऱ्याआधी व्हायला हवी. टोळ्या गेल्यावर घेतलेली बैठक फक्त रजिस्टरच्या कामाची.

या बैठकीला मुकादमांनाही बोलवा. कोण कधी निघणार हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मुख्याध्यापकांचा पट आणि आशाताईंच्या घरभेटीच्या नोंदी त्यांच्या यादीशी जुळवा. प्रत्येक मुलापुढे चार गोष्टी लिहा: रात्री कुठे झोपणार, सांभाळणार कोण, आईबापांचा चालू मोबाइल नंबर, आणि मूल सलग दोन दिवस शाळेत दिसलं नाही तर घरी कोण जाणार. पहिल्या रकान्यात ‘आजीकडे’ एवढंच लिहून सोडतात, तिथेच गफलत होते. आजी वस्तीवर आणि पोरगी गावातल्या घरात एकटी, असं बऱ्याचदा असतं. अशा मुलांची नावं हंगामी वसतिगृहासाठी आधी द्या.

लग्नाची कुणकुण लागली तर ग्रामसेवकांना लगेच कळवा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. वयासाठी आधार कार्डावर विसंबू नका, शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला काढा. हळदीच्या दिवशी पोचलात तर लग्न रातोरात दुसऱ्या गावी हलतं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम आधी मिळाला, तर तो मोडून लावलेलं लग्न मुळातूनच रद्द ठरतं.

लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर गावबैठक अजिबात लावू नका. ‘आपसात मिटवू’ म्हणणारे भले असतीलही, पण माहिती असून पोलिसांना न कळवणं हा पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याच्या कलम २१ खाली गुन्हा आहे. शहानिशा करणं हे समितीचं काम नाही. मूल ज्याच्याशी बोललं त्या एकानेच ऐकावं. ‘का गेलीस?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ असं विचारू नये आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्दही देऊ नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत. सरपंच, बाई, मामा अशा चौघांनी चार वेळा वदवून घेतलं की तपशील सरकतात आणि कोर्टात बचावाचे वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतात.

मग १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस मदत) वर फोन करा आणि ठाण्यात लेखी खबर द्या. ‘आमच्या हद्दीतलं नाही’ असं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकाने (हद्द न पाहता नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा) गुन्हा नोंदवायला सांगा; एफआयआरची प्रत मोफत मिळते. जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल त्या ठिकाणी, वर्दी न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला (संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला) कळवायचं असतं. तो निरोप गेला का, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाला तुम्हीच फोन करून विचारा. साखळी बहुधा इथेच तुटते, आणि मग मुलाला सोबत करणारी सहायक व्यक्ती नेमायचं राहून जातं.

दवाखान्यासाठी एफआयआरची वाट पाहू नका. एचआयव्ही आणि गर्भधारणा टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. तपासणीआधी अंघोळ घालू नये. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात.

आरोपी घरातलाच किंवा सांभाळणारा असेल तर मुलाला त्याच घरी परत पाठवू नका. राहण्याची सोय कुठे करायची ते बाल कल्याण समिती ठरवते. आईबापांना फोन एकानेच करावा आणि मुकादमाकरवी निरोप धाडू नये, टोळीभर बोभाटा होतो. इतिवृत्तात मुलाचं नाव, घर, वर्ग यातलं काहीच येऊ देऊ नका. ‘एक प्रकरण पोलिसांना कळवले’ एवढी ओळ आणि तारीख पुरते.