सोसायटीची लिफ्ट : जबाबदारी कोणाची आणि तपासायचं काय

‘एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) दिलंय, कंपनी बघेल’ हे वाक्य कमिटीच्या मीटिंगमध्ये हमखास ऐकू येतं. कायदा मात्र आधी मालकाला विचारतो. महाराष्ट्रात १९३९च्या मुंबई लिफ्ट कायद्याच्या जागी आता लिफ्ट, एस्कलेटर आणि मूव्हिंग वॉकसाठीचा २०१७चा राज्य कायदा आहे. लिफ्ट बसवण्याची परवानगी, चालवण्याचा परवाना आणि सरकारी लिफ्ट निरीक्षकाची तपासणी या तिन्ही गोष्टी मालकाच्या नावावर असतात. मालक म्हणजे सोसायटी किंवा अपार्टमेंट असोसिएशन. बिल्डरकडून ताबा घेताना परवाना आपल्या नावावर करून घ्या. तो वर्षानुवर्षं बिल्डरच्याच नावावर राहिलेला असतो आणि अपघात झाला की मगच कोणाच्या तरी लक्षात येतं.

लिफ्टची फाइल वेगळी ठेवा. परवाना, निरीक्षकाचा शेवटचा अहवाल, थर्ड पार्टी विमा, एएमसीचा करार आणि मेकॅनिकच्या भेटींचं लॉगबुक एवढं त्यात हवं. अहवालात त्रुटी लिहिल्या असतील, तर त्या दूर केल्याचं कंत्राटदाराचं पत्र त्याच अहवालाला जोडा.

एएमसी करताना ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ (म्हणजे सगळे भाग धरून) या शब्दावर जाऊ नका; वगळलेल्या भागांची यादी वाचा. दोर, मोटरचं वाइंडिंग, एआरडीची (वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेणाऱ्या उपकरणाची) बॅटरी आणि केबिनची दारं बहुतेक वेळा तिथेच सापडतात. मेकॅनिक महिन्यातून एकदा यायला हवा, आणि त्याने काय केलं ते सेक्रेटरीने सही करण्यापूर्वी विचारायला हवं. ‘सर्व्हिसिंग केली’ एवढ्यावर सही करू नका. कुठलं लॉक साफ केलं, ब्रेकचं लायनिंग पाहिलं का, दोरांचा ताण सारखा आहे का, हे लिहून घ्या. दोरावर तांबूस भुकटी दिसली किंवा तुटलेल्या तारा बोटाला टोचू लागल्या, की बदलायची वेळ आली. बदलायचे तर सगळे एकदम. एकच नवा टाकला की ताण सारखा वाटला जात नाही.

सगळ्यात जास्त लक्ष दारांकडे द्या. प्रत्येक मजल्याच्या दाराला लॉक आणि विजेचा कॉन्टॅक्ट असतो. दार नीट बंद झाल्याशिवाय लिफ्ट हलू नये आणि लिफ्ट समोर नसताना ते दार हाताने उघडू नये, हे त्याचं काम. कॉन्टॅक्टवर धूळ बसली की लिफ्ट मध्येच बंद पडते, लोक ओरडतात आणि घाईतला मेकॅनिक वायरचा तुकडा लावून तो ‘डायरेक्ट’ करतो. लिफ्ट लगेच चालते. पण आता ती दार उघडं असतानाही चालेल. ओळखायचं असं : लिफ्ट समोर नसलेल्या मजल्यावर दार हलकेच ओढा, भार टाकू नका. जरा जरी सरकलं, किंवा दारात फट असताना लिफ्ट सुटलेली दिसली, तर मेन स्विच बंद. दुरुस्ती होईपर्यंत जिना. जुन्या इमारतींतल्या जाळीच्या दारांत तर मुलांचे हात-पाय अडकतात. तिथे बंद पत्र्याची ऑटोमॅटिक दारं बसवणं हाच उपाय, बाकी सगळी मलमपट्टी.

वर्षातून एकदा गव्हर्नर (लिफ्टच्या वेगावर लक्ष ठेवणारं चाक) आणि सेफ्टी गिअरची (केबिनखालच्या आणीबाणीच्या ब्रेकची) चाचणी कमिटीचा एक माणूस हजर असताना करून घ्या. वेग मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर अडकतो आणि केबिनखालचे सेफ्टी गिअरचे जबडे गाइड रेल (लिफ्टचे उभे रूळ) पकडतात. ही चाचणी कागदावर उरकली जाते, म्हणून हजर राहायचं. एआरडीही तेव्हाच बघा : रिकामी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना वीज बंद केली, की तिने जवळच्या मजल्यावर जाऊन दार उघडलं पाहिजे.

वीज मंडळाचं काम झाल्यावर लिफ्ट सुरूच होत नसेल, तर बऱ्याचदा फेज (विजेच्या तीन तारा) उलटसुलट जोडलेले असतात आणि रिले (क्रम तपासणारा संरक्षक स्विच) तिला अडवतो. फेज बदलून घ्या. रिले बायपास करू देऊ नका. पावसाळ्यात खालच्या खड्ड्यात पाणी दिसलं, की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन बंद करा.

फ्लॅटचं काम निघालं की वजनाचा हिशेब आधी सांगा. आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात, म्हणून सहा जणांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलो. सिमेंटच्या ५० किलोच्या आठ गोण्यांचेच ४०० होतात. वर एक कामगार चढला की मर्यादा ओलांडली. सहा गोण्या आणि एक माणूस, त्यापुढे नाही. वाळू तर नकोच. ती दाराच्या खाचेत बसते आणि दुसऱ्या दिवशी दार अडतं.

माणूस अडकला तर क्रम असा :

१. त्याच्याशी बोला. केबिनमध्ये हवा येत राहते, गुदमरणार नाही, हे सांगा आणि दाराशी झटापट करू देऊ नका.
२. मेन बंद करा, एआरडीचा स्विचही. नाहीतर लिफ्ट अचानक हलेल.
३. कंपनीला फोन करा.
४. केबिनची फरशी मजल्याच्या जवळपास सपाटीत असेल तरच प्रशिक्षित माणसाने किल्लीने दार उघडावं. केबिन वर अडकली असेल, तर तिच्याखाली उघडा खड्डा असतो. बाहेर उडी मारणारा तिथेच जातो.

अडकलेली केबिन हलवण्यासाठी मोटरचा ब्रेक हाताने सोडणं वॉचमनचं काम नव्हे. काउंटरवेट (दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन) रिकाम्या केबिनपेक्षा जड असतं, त्यामुळे एक-दोघेच आत असतील तर केबिन खाली न येता वर जाते, आणि मोटरचं चाक धरायला दुसरा माणूस नसेल तर ती आवरत नाही. दाराची किल्लीही वॉचमनच्या टेबलावर लोंबकळत ठेवू नका.

कोणी जखमी झालं, तर लिफ्ट निरीक्षकाला लगेच लेखी कळवा आणि त्याची परवानगी मिळेपर्यंत लिफ्ट बंदच ठेवा. काही हलवू नका, साफसुद्धा करू नका.

उरला खर्च. आदर्श उपविधींप्रमाणे (सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीत लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सदस्यांवर सारखा येतो, वापरा अथवा नका वापरू. तळमजल्यावाल्यांचा दरवर्षीचा आक्षेप इथे टिकत नाही. १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या अपार्टमेंटमध्ये मात्र डिक्लरेशनमधल्या (इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्रातल्या) अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक जागेतल्या प्रत्येकाच्या वाट्याच्या, टक्केवारीनुसार वाटणी होते, तेव्हा मोठ्या फ्लॅटला जास्त भरावं लागतं.