अंदाज किती लांबचा बांधावा? आधी पल्ला मोजा

गेल्या वर्षभरातले लेखी अंदाज काढा. आठवणीतले चालणार नाहीत. निकाल कळला की आठवण सोयीस्कर बदलते. कोणता अंदाज किती महिन्यांनी किती टक्के चुकला, ते मांडा. चूक दुप्पट व्हायला लागणारा काळ, हाच कामाचा आकडा.

समजा सुरुवातीची चूक १ टक्का आहे, दर ३ महिन्यांनी ती दुप्पट होते आणि १६ टक्क्यांपर्यंतची चूक तुम्हाला परवडते. चार दुपटी, म्हणजे पल्ला (अंदाजावर विसंबता येईल तो काळ) १२ महिन्यांचा. आता मोजमाप दुप्पट अचूक करा: पल्ला वाढतो फक्त ३ महिन्यांनी. हजारपट अचूकतेतूनही जेमतेम १० दुपटी हाती लागतात, डोकं कितीही चालवा. एवढीशी चूकही किती फुगते पाहा: १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या संगणकीय प्रारूपात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरले, आणि पुढचे हवामान पार वेगळे निघाले. (ग्रहणांचे तसे नाही; तिथे चूक फार सावकाश वाढते.)

पल्ल्याच्या आत तारीखवार आराखडा करा. पलीकडे नुसती दिशा ठरवा, वेळ आणि पैसा राखून ठेवा, मागे न फिरवता येणारे निर्णय लांबवा. दर दुपटीला निदान एकदा सगळे नव्याने मोजा.