टीम घेताय? मग पैसा कुठं लावायचा ते आधी ठरवा

दिवाळी सरली की आपल्याकडं लिलावाच्या, म्हणजे मालकांनी बोली लावून प्लेयर घ्यायच्या, टेनिस बॉल टूर्नामेंटा सुरू होतात, बेळगाव म्हणू नका, खानापूर म्हणू नका, निपाणी, पलीकडं चंदगड, सगळीकडं तेच वारं. आणि ज्याच्या हातात जरा पैसा खेळाय लागलाय, रोडलगतची जमीन गेली असेल नाहीतर उद्यमबागेतला कारखाना बरा चालला असेल, त्याला कोणतरी येऊन म्हणतंयच, अण्णा, यंदा एक टीम घ्या की. घ्या, बिनधास्त घ्या. पण त्यातनं सुख लागावं असं वाटत असेल तर नीट विचार करून घ्या, कारण फायनलच्या रात्री तोंड पाडून घरी जाणारे मालक लई बघितलेत आणि त्यातल्या कुणाकडंच पैसा कमी नव्हता.

पहिलं काम हिशोब. आठ टीमा असतील तर सात मालक हरणारच. आणि हरणं जास्त लागतं, इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी 2018 साली फुटबॉल चाहत्यांचा अभ्यास केला तर हरल्यावरचं दुःख जिंकल्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट निघालं. म्हणजे निव्वळ कपासाठी टीम घेतली तर सौदा तोट्याचाच. जास्त पैसा ओतला की हे बदलतंय असंही नाही. 2008 ला विजय मल्ल्यांनी आयपीएलमधल्या बेंगळुरूच्या टीमसाठी 11 कोटी 16 लाख डॉलर मोजले, आणि पहिला कप नेला राजस्थाननं, जी 6 कोटी 70 लाखाला गेलेली सगळ्यात स्वस्त टीम. बेंगळुरूचा कप आला 3 जून 2025 ला, तोवर मल्ल्या देश सोडून गेलेल्याला नऊ वर्षं झाली होती आणि टीम दुसऱ्याच कंपनीची. त्या फायनलला 6 रनांनी हरली ती प्रीती झिंटाची पंजाब, तोवर 18 हंगाम झाले होते तरी एक कप नव्हता.

मग लिलावाला बसताना काय करायचं, तर आपला आकडा घरात बसूनच ठरवायचा आणि बोली लावायचं काम अशा मित्राकडं द्यायचं ज्याला तुमचा राग-लोभ नाही. समोरच्या टेबलावर तुमचा जुना भाऊबंद नाहीतर जागेच्या वादातला माणूस बसलेला असतोय, तो हात वर करतोय म्हणून तुम्ही करता, आणि मधल्या मधे एका साध्या बॅटरची बोली, म्हणजे त्याचे पॉइंट्स, कुठल्या कुठं जातात, मग बॉलर घ्यायला काहीच उरत नाही. आयकॉन प्लेयरवर, म्हणजे मोठ्या नावाच्या एकट्या स्टारवर, सगळं उडवू नका, एक डावखुरा बॉलर आणि दोन चांगले फिल्डर घ्या, छोट्या ग्राउंडवर मॅच तिथंच फिरते.

आता जिथं पैसा खरंच सुख देतो ते सांगतो. आपली पोरं कोण असतात बघा, कोण फाउंड्रीत नाइट करून डोळे चोळत ग्राउंडवर येतंय, कोण वडगावात विणकामाच्या मागावर, कोण डिलिव्हरी करतंय. तांबड्या मातीवर डाइव्ह मारली की कोपराचं सालटं निघतंय, पोरगं नळाखाली हात धरून उभं राहतंय आणि पुढच्या ओव्हरला परत आत. त्याच्यासाठी औषधाची पेटी ठेवा, बरे बूट घ्या, सकाळचा नाष्टा पोटभर द्या, एखाद्याचा दिवसाचा पगार बुडणार असेल तर तो न मागता द्या. आणि कुणाचा हात मोडला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार हे टूर्नामेंटच्या आधीच सगळ्यांसमोर बोला. यात एका स्टार प्लेयरपेक्षा कमीच पैसा जातोय, आणि वर्षभर तिसऱ्या गल्लीतनं पोरगं गाडी थांबवून, अण्णा कसं आहे, म्हणून विचारतंय. मला विचाराल तर मालकाची कमाई ती.

मॅच चालू असताना कॅप्टनपास्नं लांब बसा. 8 मे 2024 ला लखनऊ हैदराबादकडनं 10 विकेटनी हरली आणि मालक संजीव गोयंका मैदानावरच कॅप्टनशी, आपल्या कर्नाटकच्या के. एल. राहुलशी, हातवारे करून बोलत होते, अख्ख्या देशानं बघितलं. 7090 कोटींची टीम, आणि पुढच्या हंगामात राहुल दिल्लीकडं. काय बोलायचंय ते दुसऱ्या दिवशी, चहा पीत, एकट्याला बोलवून बोला.

सट्टेवाल्याला मंडपाच्या आसपास फिरकू देऊ नका, ओळखीचा असला तरी नाही. 2019 ला केपीएलमधल्या, म्हणजे कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या, बेळगावी पँथर्सच्या मालकालाच बेंगळुरू पोलिसांनी सट्टेबाजीच्या प्रकरणात अटक केली, आपल्या गावाचं नाव असं पेपरात आलेलं वाचून लई वाईट वाटलं होतं.

बक्षिसाची रक्कम पोरांची, हे पहिल्या मॅचच्या आधी जाहीर करा आणि फायनलनंतर दोन दिवसात वाटून टाका. हरलात तरी ठरलेले पैसे तेवढ्याच दिवसात द्या, महिनाभर फोन न उचलणाऱ्या मालकाकडं पुढच्या वर्षी चांगलं पोरगं येत नाही.

आणि हे सगळं वाचून वाटत असेल की हरणं आपल्याला झेपणार नाही, तर टीमच घेऊ नका, दुसरी वाट आहे. शाहू महाराजांनी कुठली टीम विकत घेतली नव्हती, पैलवान पोसले आणि 1912 ला कोल्हापुरात खासबागेचं मैदान उभं केलं, तिथं आजही कुस्त्या होतात. तुमच्या गावच्या तालमीत जा, वस्तादांना विचारा, मॅट फाटलीय का, किती पोरांच्या दुधा-बदामाची अडचण आहे, आणि त्यातल्या दोघांचा वर्षाचा खुराक उचला.